पर्यायांकडून उत्तराकडे : प्रवेश परीक्षांच्या गणिताची बारा वर्षं

२०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीच्या गुणांबरोबर जेईई मेनचे गुण धरले गेले. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. त्या काळात भाईंदरच्या नवघर रोडपासून मीरा रोडच्या शांतीनगरपर्यंत क्लासेसमध्ये मुलांना एकच ताकीद असे : खात्री नसेल तर प्रश्न सोडा. ही ताकीद मला अर्धवटच वाटते. एकही पर्याय खोडता येत नसेल, तर अंदाजाने सरासरी पाव गुण हाती लागतो. त्यासाठी धोका कशाला? पण दोन पर्याय खोडता आले की हीच सरासरी दीड गुणावर जाते. तिथे प्रश्न सोडणं म्हणजे नुकसानच.

२०१६ला प्रवेश पुन्हा राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेवर आले आणि हिशोब बदलला. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, वजा गुण नाहीत. एका प्रश्नाला १०८ सेकंद. आता कोरा प्रश्न ठेवणं हाच तोटा होता, आणि मुलं पर्यायांपासून उलटं जायला शिकली. इंटिग्रेशन अवघड वाटलं तर पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढायचं. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर मूळ समीकरणात घालून पाहायचं.

सर्वात लाडकी युक्ती किंमत घालून बघण्याची, आणि मुलं फसायचीही तिथेच. उदाहरणार्थ, १ अधिक साइन २थीटा, भागिले कॉस २थीटा. पर्यायांत टॅन (४५ + थीटा) आणि टॅन (४५ − थीटा) दोन्ही आहेत. सोपं म्हणून थीटा शून्य घेतला तर दोन्ही पर्याय १ देतात. ४५ घेतला तर छेदच शून्य होतो. ३० घेतला की पदावली २ + √३ होते, म्हणजे टॅन ७५, आणि पहिला पर्याय निर्विवाद ठरतो. कोणती किंमत पर्यायांना वेगळं करेल हे ओळखायला गणितच यावं लागतं. म्हणून अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून नुसत्या युक्त्या पाठ करून घेणं मला पटत नाही. शिवाय त्याच मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात पायऱ्या लिहायच्या असतात. तिथे उलटं जाऊन काढलेल्या उत्तराला पायऱ्यांचे गुण कोण देणार?

२०१९पासून परीक्षा संगणकावर गेली. त्याआधी उत्तरपत्रिकेवर काळ्या पेनाने रंगवलेला गोळा पुसता येत नसे. आता उत्तर बदलता येऊ लागलं. त्यामुळे सोपे प्रश्न आधी, लांबलचक आकडेमोडीचे नंतर, ही दोन फेऱ्यांची रीत रुळली. पेपर अनेक सत्रांत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. २०२०ची परीक्षा तर महासाथीमुळे ऑक्टोबरवर गेली. लोकल अजून सर्वांना खुली नव्हती. मीरा-भाईंदरच्या घरांत पेपराइतकीच केंद्रावर पोहोचण्याची काळजी होती.

२७ एप्रिल २०२५च्या सकाळच्या सत्रात मात्र ही सगळी तयारी अडली. गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे आले. रीतसर सोडवणाऱ्याला आपलं उत्तर पर्यायांत सापडेना, आणि पर्यायांपासून उलटं जाणाऱ्याला तर पाय ठेवायलाच जागा नव्हती. सीईटी कक्षाने ५ मे रोजी सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घेतली. मुलांना तोच ताण आठ दिवसांत दुसऱ्यांदा सोसावा लागला. पर्याय तपासून देणं ही परीक्षा घेणाऱ्यांची जबाबदारी आहे. तिचा भार सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी का उचलावा?