पुराच्या पाण्यात इंजिनाची ताकद कुठे जाते?

आजचा विषय आहे वेगवान बोटीचं इंजिन आणि त्याचं ट्यूनिंग. नांदेड-लातूरच्या श्रोत्यांना वाटेल, समुद्र तर इथून कितीतरी लांब, मग हा विषय इथे कशाला? थोडं थांबा, तिकडे येतोच आहे.

वेगवान बोट म्हटलं की डोळ्यांसमोर शर्यत येते. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरिन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रात कृष्णा नदीवर, अमरावतीला, फॉर्म्युला वन पॉवरबोटी धावल्या. त्या फॉर्म्युला वन बोटीचं इंजिन जेमतेम अडीच लिटरचं असतं, पण ताकद सुमारे ४०० हॉर्सपॉवर! आपल्याकडच्या अडीच लिटरच्या गाडीच्या इंजिनाशी तुलना करून बघा. ही किमया होते फेऱ्यांमधून. ते इंजिन मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरतं. त्याची किंमतही मोजावी लागते. भरमसाट पेट्रोल लागतं आणि थोड्या तासांनी इंजिन उघडून नवे भाग घालावे लागतात. शर्यतीत ते चालतं.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना पाण्यानं वेढलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आलं, सैन्यदलाला बोलवावं लागलं. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ, राज्य दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. रस्ते पाण्याखाली असताना त्यांना पोचायला तास लागतात. त्या पहिल्या काही तासांत जी बोट जवळ असेल आणि तिच्यावर जे इंजिन असेल, तेवढाच आधार. म्हणून हा विषय आपला आहे.

बोट वर उचलली जाते का?

पहिला प्रश्न वेगाचा. साडेचार मीटरची रबरी बोट घ्या. बोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत चालते. स्वतःच्याच लाटेत ती अडकते, आणि या लांबीच्या बोटीचा वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास अडखळतो. पुढे जायचं तर बोटीनं पाण्यातून वर उचलून पाण्याच्या पाठीवरून घसरत धावायला हवं. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. एकदा बोट वर आली की त्याच इंजिनावर वेग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

आता पुराचं पाणी सेकंदाला तीन मीटर धावतंय असं धरा. म्हणजे ताशी जवळपास अकरा किलोमीटर. तुमची बोट साडेनऊवर अडकली तर? थ्रॉटल पूर्ण उघडलेला, इंजिन ओरडतंय, आणि बोट मात्र मागे वाहत चाललीय! जाताना दोन माणसं होती, बोट झकास वर आली. परतताना आठ माणसं बसली आणि बोट वर उचललीच नाही. खरा धोका इथे आहे. म्हणून बचाव बोटीच्या ट्यूनिंगचा अर्थ एवढाच: भरलेली बोट वर उचलली गेली पाहिजे.

पंख्याचा हिशेब

बहुतेकांचं पहिलं बोट इंजिनाकडे जातं. कार्ब्युरेटर मोठा करा, हेड घासा. पण सुरुवात पंख्यापासून, म्हणजे प्रोपेलरपासून करायची असते.

पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे काय? बोल्टचे आटे आठवा. नट एक फेरा फिरवला की तो ठरावीक अंतर पुढे सरकतो. तसंच १३ इंच पिचचा पंखा एका फेऱ्यात, तत्त्वतः, १३ इंच पुढे जातो. इंजिन ५५०० फेऱ्यांवर आहे आणि खालचा गिअर निम्मे फेरे देतो असं समजू. पंखा मिनिटाला २७५० फेरे मारतो. गुणाकार केला तर ताशी ५४ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात पाणी घसरतं, त्यामुळे वेग कमीच मिळतो. आणि बोट जितकी जड, तितकी घसरण जास्त.

आता गंमत बघा. इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पूर्ण थ्रॉटलला फेरे अमुक ते अमुक यायला हवेत. समजा ५००० ते ६०००. तुम्ही आठ माणसं बसवून पाहिलं आणि फेरे आले ४६००. म्हणजे उंच गिअरमध्ये घाट चढणाऱ्या ट्रॅक्टरसारखी अवस्था. इंजिन ४० हॉर्सपॉवरचं असेल, पण तिथे मिळते साधारण ३३-३४. सात घोडे बोटीवर आहेत, पण जुंपलेले नाहीत! वर इंजिन दाबलं जाऊन तापतं ते वेगळंच.

उपाय स्वस्त आहे. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. १३ ऐवजी ११ पिचचा पंखा लावला की फेरे ५००० च्या आसपास येतात. रिकाम्या बोटीचा कमाल वेग थोडा घटेल. घटू द्या, रिकामी बोट कोणाला वाचवायला जात नाही.

उलट टोकही टाळायचं. पिच फार कमी केली तर रिकाम्या बोटीत फेरे मर्यादेबाहेर जातात. म्हणून चाचणी दोनदा, एकदा दोन माणसांवर आणि एकदा पूर्ण भारावर. माणसांऐवजी वाळूची पोती चालतात. जागाही आहेच, विष्णुपुरीचा जलाशय शांत असतो तेव्हा.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. इंजिन फार वर बसलं तर पंखा हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि बोट जागेवरच राहते. फार खाली बसलं तर नुसता ओढ वाढतो.

हवा आणि पेट्रोल

उंचीबरोबर हवा विरळ होते. ढोबळ हिशेब शंभर मीटरला एक टक्का ताकद कमी. नांदेड सुमारे ३६० मीटरवर, लातूर बालाघाटच्या पठारावर सहाशेच्या वर. म्हणजे समुद्रावर जे इंजिन ४० देतं, ते लातूरकडे ३८ च्या आत-बाहेर. कोकणात जमलेला पंखा इथे जसाच्या तसा जमेलच असं नाही.

पेट्रोलचा मुद्दा जास्त गंभीर. आपला भाग उसाचा, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. बोटीच्या अनेक इंजिनांना कंपन्यांनी १० टक्क्यांपर्यंतच परवानगी दिलेली असते, पुस्तक बघून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बचाव बोट आठ-आठ महिने उभी असते. टाकीत पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, ते वरच्या थरात राहतं. नळी मात्र तळातून ओढते! म्हणजे इंजिनाला वंगण नसलेलं पाणचट इंधन. पिस्टन पकडतो तो असा.

शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण ‘पातळ’ होतं आणि इंजिन जास्त तापतं. पूर्ण थ्रॉटलवर चालवून लगेच बंद करा, प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा हवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं. ऑइल बोटीचंच, ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं. मोटारसायकलचं नको.

गाळ आणि जलपर्णी

हे इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड होतं. आत रबरी इम्पेलर असतो. इम्पेलर काय असतो हे मोटारपंप असलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुराचं पाणी म्हणजे काळ्या मातीचा गाळ, तो रबराची पाती खातो. गोदावरीत जलपर्णी, ती पाणी ओढायची जाळीच बंद करते. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते. ती बारीक झाली की थांबा, जाळी साफ करा. पुरातून परतल्यावर स्वच्छ पाण्यावर इंजिन दहा मिनिटं चालवा, आणि दर पावसाळ्याआधी इम्पेलर बदला.

मोठं इंजिन लावलं तर?

हा प्रश्न येणारच. बोटीवर पाटी असते, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. ती मर्यादा मागच्या फळीची आणि बोटीच्या तोलाची आहे. जड इंजिन म्हणजे मागचा भाग आणखी खाली आणि एक-दोन माणसं कमी. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर शर्यतीत फायदा मिळेल, पण साध्या पेट्रोलवर, तापलेल्या इंजिनात ठोका सुरू होतो. शर्यतीत इंजिन बंद पडलं तर क्रमांक जातो. पुरात बंद पडलं तर बोट बंधाऱ्याच्या दिशेनं वाहत जाते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी इंधन आणि थंडावा, मग पंखा, मग उंची, आणि सगळ्यात शेवटी जेट. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद: माणसं किती, पंखा कोणता, पूर्ण थ्रॉटलला फेरे किती, बोट वर आली का. आणि एक नियम ट्यूनिंगच्याही वरचा: पाण्यातल्या माणसाला बोटीत घेताना इंजिन बंद. चांगला बसवलेला पंखा माणसालाही तितक्याच सफाईनं कापतो.

ही वही मे महिन्यात भरलेली असली पाहिजे. ऑगस्टच्या रात्री गावातून फोन येतो तेव्हा बोटीत आठ माणसं घेता येतील की पाच, याचं उत्तर चालकाला आधीच माहीत असायला हवं.