मधुमेह, स्नायूंचा दाह आणि श्राव्यातीत ध्वनी

उतारवयातला मधुमेह हा जितका स्वादुपिंडाचा आजार, तितकाच स्नायूंचाही. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायूंच्या पदरात पडतो. वय वाढते तसे स्नायू झडतात, त्यांच्यात चरबी शिरते आणि शरीरात मंद, न जाणवणारा दाह मुरत जातो. या दाहात ‘टीएनएफ’सारखी प्रथिने स्रवतात. ती इन्सुलिनचा संदेश पेशींत पोहोचू देत नाहीत, हे 1993 साली लठ्ठ उंदरांवरील प्रयोगांत दिसले. साखर न मिळालेला स्नायू आणखी दुबळा होतो, दुबळेपणामुळे हालचाल घटते आणि साखर आणखी चढते.

भारतीयांसाठी हा धोका अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, तर युडकिन यांची 9.1 टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्यातून ठळक झाले. वय वाढून स्नायू झडू लागले, की अशा शरीराकडे गाठीला फारसे काही उरत नाही.

दाह आणि साखर या दोन्हींवर मज्जासंस्थेचा अंकुश असतो. अमेरिकेतील शल्यविशारद केव्हिन ट्रेसी यांनी 2002 साली ‘दाह-प्रतिक्षेपा’ची कल्पना मांडली : मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूमार्गे निघालेला संदेश प्लीहेपर्यंत पोहोचतो आणि तेथील पेशींकडून होणारी टीएनएफची निर्मिती आवरतो. यकृताच्या द्वाराशीही मज्जातंतूंचे जाळे आहे. आतड्यांतून आलेल्या रक्तात साखर किती, याची खबर ते मेंदूला देते. हे तंतू चेतवण्यासाठी बहुतेकदा शस्त्रक्रिया करून विद्युतयंत्र बसवावे लागते. तेच काम त्वचेला छेद न देता साधणे, हा श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाउंडच्या) उपचाराचा हेतू आहे.

माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या लहरी त्याहून कितीतरी अधिक वारंवारतेच्या असतात. त्या एका बिंदूवर एकवटल्या, की तेथील ऊतींवर सूक्ष्म यांत्रिक दाब पडतो आणि मज्जातंतू चेततात. मात्रा कमी ठेवल्याने ऊती भाजत नाहीत.

2019 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्लीहेवर अशा लहरी सोडल्यावर प्राण्यांमधील टीएनएफ घटले, तर यकृतावर सोडल्यावर रक्तातील साखरेचे नियमन बदलले. 2022 साली जीई रिसर्च, येल विद्यापीठ, फाइनस्टाइन संस्था आणि इतर संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. लहान व मोठ्या जातीच्या मधुमेही उंदरांच्या यकृतद्वारावर रोज काही मिनिटे लहरी दिल्यावर त्यांच्या शरीराला साखर अधिक चांगली वापरता येऊ लागली. डुकरांमध्येही परिणाम दिसला. यकृतापासून मेंदूकडे जाणारा मज्जामार्ग कापला किंवा औषधाने रोखला, तेव्हा मात्र हा गुण नाहीसा झाला. म्हणजे हे काम मज्जातंतूंमार्फतच होत होते. उपचारानंतर स्नायू, चरबी, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडाच्या चयापचयातही बदल नोंदवले गेले. यकृतापाशी दिलेल्या लहरींचा प्रभाव असा दूरच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो, म्हणूनच उतारवयातील रुग्णांच्या दृष्टीने या संशोधनाला मोल आहे.

माणसांवरील चाचण्या अजून लहान आणि प्राथमिक आहेत. योग्य मात्रा किती, परिणाम किती काळ टिकतो, वयस्कर रुग्णांत तो तितकाच उतरतो का, हे मोठ्या चाचण्यांनीच ठरेल. फिजिओथेरपीत सांधे-स्नायूंच्या दुखण्यासाठी वापरले जाणारे अल्ट्रासाउंड यंत्र हे काम करत नाही. त्यामुळे साखर उतरवण्याच्या आशेने ते पोटावर फिरवून घेण्यात अर्थ नाही.

आज मधुमेहाचे औषध आणि नियमित तपासणी यांना पर्याय नाही. स्नायू टिकवण्याचे खात्रीचे मार्गही हाताशी आहेत : पुरेशी प्रथिने, रोजचे चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर उचलतो. ध्वनिलहरींचा उपचार उद्या सिद्ध झाला, तरी त्याचा पुरेपूर लाभ मिळायला अंगात स्नायू शिल्लक असावे लागतील.