उतारवयांतील धांव

साठीच्या घरांत आलेला गृहस्थ एके दिवशीं धांवावयास निघाला कीं घरचीं माणसें त्याच्या हृदयाची काळजी करूं लागतात. ती काळजी अनाठायीं नाहीं. ज्याच्या छातींत कळ येते, ज्याला चक्कर येते, किंवा ज्याला मधुमेह वा रक्तदाब जडला आहे, त्यानें प्रथम डॉक्टरांना प्रकृति दाखवावी हें उघडच आहे. परंतु या वयांत सुरू केलेलें धांवणें मध्येंच सुटतें तें बहुधा हृदयापायीं नव्हे. पोटरी, टांच आणि गुडघा यांच्यापायीं सुटतें.

याचें कारण असें कीं, शरीराचे सर्व भाग सारख्या वेगानें तयार होत नाहींत. नियमित श्रम सुरू झाले कीं कांहीं आठवड्यांतच हृदय एकेका ठोक्याला अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें व धाप कमी होते. स्नायूही मागोमाग बळावतात. पण स्नायूला हाडाशीं जखडणारा जो कंडरा (टांचेच्या वरची जाड दोरी बोटांनीं चांचपून पाहावी), त्याला रक्ताचा पुरवठा बेताचाच. तो आणि हाडें बळकट होण्यास महिने लागतात. फसगत होते ती येथेंच. दुसऱ्या महिन्यांत दम पुरूं लागतो, माणूस हुरूप येऊन अंतर दुप्पट करतो, आणि एका सकाळीं पलंगावरून उतरतांना पाय टेकवत नाहीं. मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षीं याच वाटेनें गेलों, आणि पुढें तीन महिने कठडा धरून जिना उतरलों!

आतां एका नामांकित शिक्षकाची हकीकत ऐका. अमेरिकेंतील ओरेगॉन विद्यापीठाचे धांवण्याचे शिक्षक बिल बॉवरमन १९६२ सालीं न्यूझीलंडला गेले. तेथें ऑकलंड शहरीं आर्थर लिडियर्ड यांनीं प्रौढ गृहस्थांना, त्यांत हृदयविकारांतून उठलेल्यांनाही, सावकाश धांवावयास लावलें होतें. बॉवरमन त्या मंडळींत सामील झाले. वय पन्नाशीच्या किंचित् पुढें, हयात दुसऱ्यांना धांवावयास शिकविण्यांत गेलेली; तरी अर्ध्या मैलांतच त्यांचा जीव मेटाकुटीस आला. तेव्हां सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मुद्दाम मागें राहिले व गप्पा मारीत त्यांना जवळच्या वाटेनें घेऊन आले. परतल्यावर बॉवरमन यांनीं एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्यानें ‘जॉगिंग’ हें पुस्तक लिहिलें. तें १९६७ सालीं निघालें.

त्या वृद्धाच्या गप्पा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. धांवतांना सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां येईल, इतकाच वेग नवख्यानें ठेवावा. एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें. असें वीस मिनिटें, आणि तेंही एक दिवसाआड. मैदानाच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी हंसतील, तर हंसोत बापडीं! दम कितीही पुरो, पहिले तीन महिने यांत फार भर घालूं नये. स्नायूंचें साधें अवघडणें एकदोन दिवसांत जातें. परंतु टांचेवर किंवा नडगीवर एकाच ठिकाणीं बोट ठेवून दाखवितां येईल अशी दुखण्याची जागा दुसऱ्या सकाळींही राहिली, तर त्या दिवशीं बूट कोनाड्यांतच असूं द्यावेत.