पुवाची साक्ष

गळू ठणकू लागले की पोटीस बांधावे, ते पिकले की चिरा द्यावा, हा आपल्याकडील जुना रिवाज. पू वाहून गेला की रोग्याला त्या रात्री झोप लागते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुवाने भरलेला बोळा मात्र केराच्या बादलीत जातो. रोगाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदारच आपण त्याबरोबर फेकून देतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही साक्ष प्रथम काळजीपूर्वक ऐकली ती स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी. १८८० च्या सुमारास त्यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतू त्यांना आढळले. त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नावही त्यांनीच दिले. १८८४ मध्ये हान्स ख्रिस्तियान ग्राम यांनी जंतू रंगविण्याची पद्धत शोधली. आजही तपासणीचा आरंभ तिनेच होतो. जंतू गोल की लांबट, जांभळे की तांबडे, एवढे तासाभरात कळू शकते. पुढे रक्तमिश्रित आगरच्या बशीत, ३७ अंश उबेत, जंतू वाढवितात. त्यांच्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेसे मोठे मोकळे कडे उमटते, ते औषध लागू पडण्याजोगे. सामान्यतः दोन-तीन दिवसांत उत्तर हाती येते.

प्रत्येक करटाला ही तपासणी हवी, असे कोणी म्हणणार नाही. लहान गळवाला पुवाचा निचरा हाच मुख्य उपचार असतो. परंतु मधुमेही रोगी, वारंवार उद्भवणारी गळवे, शस्त्रक्रियेच्या वा इंजेक्शनच्या जागी धरलेला पू, येथे अंदाजावर विसंबणे धोक्याचे. मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये १९६१ मध्येच नोंदले गेले होते. अंदाजाने दिलेले औषध लागू पडले नाही, तर रोग्याचे दिवस, पैसा आणि कधी कधी प्राणही पणास लागतात. शिवाय मानेवर वा पाठीच्या कण्याशी ठणका नसलेले, आच नसलेले गळू धरते, ते अनेकदा क्षयाचे असते. नेहमीच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी मुद्दाम मागावी लागते. ती न मागितल्यास रोगी महिनोन्महिने भलतीच औषधे घेत राहतो.

साक्षीदार खरा असला तरी त्याला नीट हजर करावे लागते. शक्य तेथे प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच नमुना घ्यावा. वरवर फिरविलेल्या बोळ्यावर त्वचेवरचे उपरे जंतू येतात; म्हणून खोलातला पू निर्जंतुक पिचकारीने ओढावा. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठविणे म्हणजे साक्षीदाराचा गळा दाबणे होय.

यात असाध्य असे काही नाही. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना वेळेवर पोचविणारी गाडी आणि उत्तर परत आणणारी व्यवस्था, एवढेच हवे. तिचा खर्च, निष्फळ ठरलेल्या औषधांच्या खर्चापुढे, जड वाटू नये. चुकलेल्या अंदाजाची किंमत आज रोगीच मोजतो, आणि त्याला ती कधी विचारून घेतलेली नसते.