नीलमावर वाढलेला निळा प्रकाश

लाल एलईडी 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये करून दाखवला. निळा मात्र पुढची तीस वर्षं अडून राहिला. निळा नाही म्हणजे पांढरा नाही, आणि पांढरा नाही म्हणजे घरात लावायचा दिवा नाही. कोणता पदार्थ हवा याचा अंदाज लवकरच आला होता: गॅलियम नायट्राइड. अडलं होतं ते त्याचा नीट थर वाढवण्यापाशी.

1969 मध्ये आरसीए कंपनीत हर्बर्ट मारुस्का आणि जेम्स टिएटजेन यांनी नीलमाच्या चकतीवर या पदार्थाचा एकस्फटिकी थर वाढवला. 1972 मध्ये मॅग्नेशियम मिसळून मारुस्कांनी जांभळा प्रकाशही मिळवला. तो फारच मंद होता. पुढे कंपनीने काम थांबवलं. या कहाणीत मारुस्कांचं नाव क्वचितच निघतं, आणि ते मला खटकतं.

नीलम निवडायला कारण होतं. थर वाढवताना लागणारं हजार अंशांवरचं तापमान आणि अमोनियाचा मारा तो सोसतो. पण त्याच्या अणूंची मांडणी आणि गॅलियम नायट्राइडची मांडणी यांच्या मापात सुमारे 16 टक्क्यांचा फरक आहे. त्यामुळे थर खडबडीत येई, तडकेही. ऐंशीच्या दशकात बहुतेक प्रयोगशाळा निळ्यासाठी दुसऱ्या पदार्थाकडे, झिंक सेलेनाइडकडे वळल्या, कारण त्याचे थर सुबक वाढत.

नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी मात्र गॅलियम नायट्राइडला धरून राहिले. 1985 मध्ये त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी भट्टी हजार अंशांवर नेण्याआधी, बऱ्याच कमी तापमानाला, ॲल्युमिनियम नायट्राइडचा अतिशय पातळ थर नीलमावर दिला. हा थर स्वतः धड स्फटिकही नव्हता. पण त्याच्यावर वाढलेलं गॅलियम नायट्राइड खिडकीच्या काचेसारखं नितळ निघालं. मला या सगळ्या काळातलं हेच पाऊल सर्वांत मोठं वाटतं: चांगल्या थराखाली मुद्दाम एक कच्चा थर घालण्याचं.

1989 मध्ये याच जोडीने मॅग्नेशियम मिसळलेल्या थरावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडून त्याला पी-प्रकारचा, म्हणजे धनभार वाहून नेणारा, वाहक बनवलं. तो का बनला, हे 1992 मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी उलगडलं. अमोनियातून सुटणारा हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता. थर नायट्रोजनमध्ये तापवला की हायड्रोजन सुटतो, झोताची गरजच उरत नाही. म्हणजे मॅग्नेशियमचा जुना मार्ग बरोबरच होता.

नाकामुरांनी शिकोकू बेटावरच्या अनान गावी आपली भट्टी स्वतःच्या हातांनी बदलली. एक वायुप्रवाह चकतीला समांतर, दुसरा वरून दाबणारा. त्यामुळे तापलेल्या चकतीवरून वायू उसळून निघून जाईनात. 1993 च्या अखेरीस झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला. 2014 चं भौतिकीचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना विभागून मिळालं.

एक कोडं मात्र राहिलं. या थरांत दर चौरस सेंटिमीटरला अब्जाच्या घरात दोषरेषा असत. इतक्या दोषांनी गॅलियम आर्सेनाइडचा दिवा विझलाच असता. हा तेजाने पेटला. प्रकाश देणाऱ्या थरात मिसळलेलं इंडियम सगळीकडे सारखं पसरत नाही, म्हणून विद्युतभार दोषांपर्यंत पोचायच्या आधीच अडकतात, असं स्पष्टीकरण पुढे आलं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालले. हिरव्या रंगासाठी इंडियम आणखी वाढवावं लागतं, तिथे थरातला ताण वाढतो आणि कार्यक्षमता घसरते.