डालडा १३ आणि आत्याची नजर

सिल्वासाहून काळा घोडा गाठायचा तर पहाटे उठावं लागतं. आधी शेअर रिक्षाने वापी, मग फ्लाइंग राणी. २०११ साली या गाडीला डबल डेकर डबे होते आणि पासवाल्यांची मेहेरनजर झाली तर वरच्या मजल्यावर खिडकी मिळायची. होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन मुंबईत लागलं होतं. सोबत आत्या. तिला फोटोंचं काही अप्रूप नव्हतं. तिने जन्मभर ब्लाउज शिवलेले. त्या काळातल्या मोठ्या घरच्या बायका काय घालायच्या, एवढंच तिला बघायचं होतं.

काळा घोडा या भागात घोडा तेव्हा नव्हताच. सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. मागे राहिलं ते नाव, आणि त्या नावाभोवती गॅलऱ्या, उंची दुकानं आणि एका कॉफीच्या पैशात आमच्याकडे दोन साड्यांचं फॉल-पिको होईल अशी कॅफे. प्रदर्शन होतं नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे १९११ च्या जुन्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९९६ पासून तिथे गॅलरी आहे. आत अर्धगोल मजले, एकावर एक. चढत चढत घुमटाखाली पोचायचं. आत्याचे गुडघे दुसऱ्याच मजल्यावर कुरकुरायला लागले.

होमाईंचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. आमच्या वापीवरून सरळ वर गेलं की नवसारी. जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, मग १९४२ मध्ये दिल्ली. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावाने. पुढे त्यांनी स्वतः 'डालडा १३' हे नाव घेतलं. जन्माचं साल १३, नवरा पहिल्यांदा भेटला तेव्हा वय १३, आणि गाडीची पाटी डीएलडी १३. इतकं घरगुती टोपणनाव घेऊन ही बाई माउंटबॅटन, नेहरू, राणी एलिझाबेथ, जॅकलीन केनेडी यांच्यासमोर साडी नेसून उभी राहायची.

हातात स्पीड ग्राफिक असायचा. एक फोटो काढला की फिल्मचा होल्डर उलटायचा आणि जळालेला फ्लॅशबल्ब काढून नवा बसवायचा. तेवढ्यात समोरचा माणूस हसून निघूनही गेलेला असे. म्हणून आधी नुसतं बघत राहायचं. दुसरा कॅमेरा रोलिफ्लेक्स. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत खाली बघायचं. रोलमध्ये बारा चौकटी. मला त्यात एक गंमत दिसते. फोटो काढणारी मान खाली घालून उभी असते, त्यामुळे समोरच्याला कुणी टक लावून बघतंय असं वाटत नाही. रुबाब सुटा पडतो तो अशा वेळी.

नेहरूंचा तो विमानातला फोटो घ्या. स्वतःच्या ओठांत सिगारेट, आणि ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची, मिसेस सायमन यांची सिगारेट ते पेटवून देताहेत. पंतप्रधान असे कुणी कधी पाहिले होते? आम्हा सिल्वासाकरांना हा फोटो जरा टोचतोही. २ ऑगस्ट १९५४ ला आम्ही पोर्तुगीजांपासून सुटलो, पण भारतात रीतसर यायला १९६१ उजाडलं. विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या बरोबरीने सही करायला आमच्या दादरा नगर हवेलीलाही पंतप्रधान हवा होता, म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला त्या पदावर बसवलं. आमचा पंतप्रधान असा सहीपुरता.

आत्या मात्र रेहाना मोगल यांच्या फोटोपाशी थांबली. होमाईंची जे. जे.मधली वर्गमैत्रीण. १९३०च्या दशकाच्या अखेरीची मुंबई, आणि ही मुलगी कॅमेऱ्याला जराही बिचकत नाही. ना नटी, ना राणी. माझ्या मते होमाईंनी टिपलेली सगळ्यात ऐटबाज व्यक्ती हीच. बाकीच्यांना पद होतं. हिच्याकडे नुसता आत्मविश्वास आहे. आत्या नाक काचेला लागेल इतकी वाकली.

"मापाचं शिवलेलं दिसतंय," ती म्हणाली. "पण कापडापेक्षा उभं राहणं बघ तिचं."

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष गेले. मराठी घरांत तारे-तारकांचे देखणे चेहरे पोचवले ते त्यांनी. 'लिंटास'मधली जाहिरातीची नोकरी १९८७ मध्ये सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. त्यांची रीत होमाईंच्या अगदी उलटी. प्रकाश आधी लावायचा आणि समोरच्याला बोलतं करून सैल करायचं. दोघांच्या फोटोंतली माणसं ओळखीची वाटतात, पण राजाध्यक्षांच्या फोटोतल्या माणसाला आपण सुंदर दिसतोय हे ठाऊक असतं. होमाईंच्या माणसांना बहुतेकदा नसतं. मला दुसरी तऱ्हा जास्त भावते.

होमाईंनी १९७० मध्ये कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि वागण्यातला गबाळेपणा त्यांना सोसवेना. पुढे त्या बडोद्यात राहिल्या. आपला सगळा संग्रह त्यांनी अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पुढच्या जानेवारीत त्या गेल्या.

प्रदर्शन बघून आलो त्याच्या पुढच्या रविवारी आत्या आपण होऊन सिल्वासातलं आदिवासी संग्रहालय बघायला निघाली. इतकी वर्षं शेजारून गेली असेल, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिथे माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत, अंगावर लुगडी, गळ्यात दागिने. एका बाईसमोर ती बराच वेळ उभी राहिली. काष्टा पाहिला, गळ्यातल्या माळा पाहिल्या, मग खाली वाकून पाटी शोधायला लागली.

"हिचं नाव कुठे लिहिलंय रे?"

पुतळाच तो, नाव कुठून असणार, मी म्हटलं. आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकली.