प्रकाशाची तार आणि गावाची मालकी

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करीत असता एक आठवण आमच्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागली. 2020 च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजे बंद पडली आणि शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा कोकणातील कितीतरी मुले वह्या-पुस्तके घेऊन डोंगरावर जाऊन बसत असत. कारण रेंज मिळे ती तेथेच. वडोद्यातील आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे त्याच बाजूची. आपली मुले पंख्याखाली बसून शिकत होती आणि त्यांचीच चुलत-मावस भावंडे पावसात छत्री सांभाळीत. अशा गावांपर्यंत इंटरनेटची चांगली तार का पोचत नाही, आणि दुसरे कोणी ती पोचवीत नसेल तर गावाला स्वतः ओढता येईल काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ही तार म्हणजे काय ते पाहू. जुनी टेलिफोनची तार तांब्याची. तिच्यातून विजेचा संदेश जातो व अंतर वाढेल तसा तो झपाट्याने क्षीण होतो. फायबर ही शुद्ध काचेची तार. जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे आपल्या केसाहून थोडी अधिक. तिच्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो आणि आठ-दहा किलोमीटर गेल्यावरही तो निम्म्याच्या आसपास शिल्लक असतो. म्हणून गाव शहरापासून दूर असले तरी फायबरला त्याचे विशेष काही वाटत नाही.

मग अडते कोठे? काच महाग नाही. खणणे महाग आहे. रस्ता फोडावयाचा, परवानगी काढावयाची, नळी पुरावयाची, रस्ता पुन्हा नीट करावयाचा, यातच निम्म्याहून अधिक खर्च जातो. शहरात एका चराच्या खर्चात शंभर बिऱ्हाडे मिळतात. खेड्यात एका घरासाठी अर्धा मैल चर खणावा लागतो. कंपनीने हिशेब मांडला की उत्तर नकारार्थी येते. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही; तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबरच असतो. परंतु गावाने तोच हिशेब मांडला तर उत्तर निराळे येऊ शकते. ते कसे, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या उत्तर भागात आहे.

लँकेशायर हे नाव आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना विलायती कापडामुळे ठाऊक असे. त्याच परगण्यातील रॉचडेल गावी 1844 साली विणकर व इतर कारागिरांनी पौंड-पौंड वर्गणी जमवून सामाईक दुकान काढले आणि आधुनिक सहकाराचा पाया घातला. त्याच लँकेशायरच्या उत्तरेस ल्यून नदीच्या खोऱ्यात मेंढ्या व गुरे पाळणाऱ्यांची विखुरलेली खेडी आहेत. तेथे बॅरी फोर्ड हे संगणकजालाचे जाणकार व क्रिस काँडर या शेतकरी कुटुंबातील बाई, अशा काही मंडळींनी 2011 साली ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही संस्था नोंदविली. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘बार्न’ असा होतो; बार्न म्हणजे शेतावरचे कोठार. नाव अगदी घरगुती पडले.

या मंडळींनी सर्वांत महाग बाब प्रथम हाती घेतली. रस्ता खणावयाचाच नाही, शेतातून जावयाचे असे ठरले. परंतु शेत ज्याचे त्याची संमती हवी. एखादी परकी कंपनी मागावयास आली असती तर प्रत्येक शेतकऱ्याने भाडे मागितले असते, आणि ते वावगेही नव्हते. पण येथे मागणारा शेजारीच आणि तार येणार ती आपल्याच घरी. जमीनमालकांनी वाट फुकट दिली. मऊ जमिनीत चर खणावयाचे काम गावकऱ्यांनीच केले; कोणी आपले खोदयंत्र आणले, कोणी कुदळ-फावडे, कोणी चहा आणि केक. खणणाऱ्यांस मीटरला दीड पौंड असा मोबदला होता व तो रोखीने नको असल्यास भागांच्या रूपाने घेता येई. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला घामाचे भांडवल घालता आले.

काम तसे शिकण्याजोगे आहे. चरात आधी प्लॅस्टिकची पोकळ नळी पुरतात. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचली की दाबाच्या हवेने तिच्यात फायबर फुंकून सारतात. काचेची दोन टोके एका लहान यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. हात स्थिर हवा आणि स्वच्छता हवी. हे जोडकामही गावातील माणसे शिकली. प्रत्येक घराला स्वतंत्र फायबर दिले. सेकंदाला हजार मेगाबिट इतका वेग, तोही दोन्ही दिशांनी. आणि दर आरंभी महिना 30 पौंड.

पैशाची व्यवस्था अशी. संस्था समाजहितासाठी नोंदलेली. भाग एकेक पौंडाचा. पण कोणाचे भाग कितीही असोत, मत एकच. नफा झाला तर तो समाजाच्या कामी लावावयाचा. संस्थेची मालमत्ता विकून सभासदांनी पैसा वाटून घ्यावयाचा नाही. हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण ज्यांनी फुकट वाट दिली व फुकट घाम गाळला, त्यांची देणगी उद्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराच्या खिशात जाऊ नये याची हमी त्यातच आहे. आठ पॅरिशांपासून निघालेले हे काम, पुढे सरकारी अनुदानाचीही जोड मिळून, आज दहा हजारांहून अधिक घरांपर्यंत पोचले आहे.

हे वाचून कोणी उद्याच कुदळ उचलू नये. चर एकदा खणावयाचा असतो, पण तार रोज सांभाळावी लागते. नांगराने नळी तुटते, यंत्रे जुनी होतात, उत्साही माणसे थकतात. म्हणून पगारी जाणकार, नियमित हिशेब आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी यांवाचून असे काम टिकत नाही. शिवाय आपल्या देशात इंटरनेटची सेवा विकावयाची तर दूरसंचार खात्याची रीतसर अनुमती लागते. एखाद्या परवानाधारकाशी करार करणे गावाला सोयीचे पडेल. उलट एक गोष्ट आपल्याला अनुकूल आहे. 2011 साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचा उद्देश सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणे हा आहे. जेथे ते पोचले आहे तेथे पंचायतीच्या दारापासून घरापर्यंतचाच टप्पा उरतो. आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या परड्यातून वाट द्यावयाची ती नेमकी याच टप्प्यात.

सहकार आपल्याला परका नाही. रॉचडेलनंतर पंचेचाळीस वर्षांनी, 1889 साली, याच वडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापिली. हिंदुस्थानात सहकाराचा कायदा व्हावयास तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता. पुढे 1910 पासून सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांची चळवळ उभारली व पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्ञान गावापर्यंत नेणे हे समाजाचे काम आहे, हे या नगरीला कोणी नव्याने सांगावयास नको.

आपली संस्था शिष्यवृत्त्या देते, वसतिगृहास साहाय्य करते. त्यामुळे मुलगा गावाहून शहरात येऊन शिकतो. ते चालू राहावेच. परंतु ज्याला गावातच राहून शिकावयाचे आहे त्याच्यासाठी काय, हाही प्रश्न या महोत्सवी वर्षी आपण विचारावा असे आम्हांस वाटते. मूळ गावी जमीन असलेल्या सभासदांनी पुढच्या खेपेस जाल तेव्हा दोन गोष्टी पाहून याव्यात: पंचायतीत फायबर आले आहे काय, आणि तेथून आपल्या आळीपर्यंत कोणाकोणाची शेते लागतात. त्यांतील एखादे शेत आपलेच निघेल. तेथून वाट देण्यास पैसा लागत नाही. ‘हो’ म्हणावे लागते.